काळ्या ऑइलची शेगडी

ट्रॅक्टरच्या चेंबरमधून निघालेलं काळं ऑइल आमच्या भागात कोणी सांडून देत नाही. सेंट्रिंगवाले स्लॅबच्या प्लेटांना लावायला डबा भरून नेतात. उधळी, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून कुंपणाच्या लाकडी खांबांना, गोठ्याच्या फाट्यांना, बैलबंडीच्या लाकडांना ते चोपडलं जातं. एवढं सगळं होऊनही दिवाळीपर्यंत माझ्या गॅरेजात मोठे ड्रम भरत येतात. मध्यम ट्रॅक्टरच्या इंजिनातून एका वेळी सात-आठ लिटर ऑइल निघतं, आणि पुस्तकाप्रमाणे ते साधारण २५० तासांनी बदलायचं असतं. त्यात पिकअप, बोलेरो आणि जेसीबीचं हायड्रोलिक धरलं, की मागायला येणाऱ्यांचे डबे कमीच पडतात.

गॅरेज वरूड तालुक्यात आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. तीन बाजूंनी टिनाचे पत्रे, समोर शटर. विदर्भ म्हटलं की लोकांना मे महिनाच आठवतो, पण २०१८च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. डोंगराच्या कडेला आमची थंडी नागपुराहून काही कमी नसते. त्यात आमचा सीझन नेमका थंडीतलाच. संत्र्याचा आंबिया बहार तोडायला असतो, रात्री ट्रक भरतात, हरभऱ्याला-गव्हाला ओलित चालू असतं आणि विजेची लाइन असते रात्रपाळीची. म्हणजे रात्री अकराला कोणाचा तरी ट्रॅक्टर बंद पडणार आणि पहाटेपर्यंत तो उभा करून द्यावा लागणार. टिनाखाली लोखंड इतकं गार पडतं की पाना धरला की बोटं आखडतात. बोटं आखडली की पाना घसरतो आणि सालटं निघतं.

अंगणात शेकोटी पेटवायचो. पण शेकोटीजवळ गप्पा होतात, काम होत नाही. इंजिन खोलायचं ते शेडमध्ये, आणि शेडमध्ये लाकडं पेटवली की डोळ्यांची वाट लागते. विजेचा हीटर लावून पाहिला, तर त्याच्यासमोर एक माणूस शेकतो आणि बाकीचे त्या माणसाची पाठ बघत बसतात.

मग ड्रमकडे लक्ष गेलं. एक लिटर काळ्या ऑइलमध्ये उष्णता किती? नऊ हजार किलोकॅलरीच्या आसपास, म्हणजे विजेच्या भाषेत दहा युनिट. वाळक्या लाकडाचे अडीच किलो जाळले तेव्हा कुठे तेवढं मिळतं. घरच्या सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो, त्याची सगळी ऊब सतरा-अठरा लिटर ऑइलमध्ये बसते. अर्धी ऊब चिमणीतून वर गेली असं धरलं, तरी तासाला लिटरभर ऑइल जाळलं तर दीड किलोवॉटचे तीन हीटर चालवल्यासारखं होतं. कागदावर हे इतकं सोपं दिसलं की मी त्याच आठवड्यात भंगारात हात घातला.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागली. इंजिन ऑइल काडीने पेटत नाही. वाटीत घेऊन पेटती काडी टाकली तर काडीच विझते. नव्या ऑइलमधून पेट घेण्याजोगी वाफ निघायला सुरुवात होते तीच दोनशे अंशांच्या वर. वापरलेल्या ऑइलमध्ये थोडं डिझेल उतरलेलं असतं, म्हणून ते जरा खाली येतं, इतकंच. म्हणजे तेल जळत नाही, तेलाची वाफ जळते. शेगडीचं खरं काम तेलाला तापलेल्या लोखंडावर पाडून त्याची वाफ करायचं आणि त्या वाफेला पुरेशी हवा द्यायचं. बाकी सगळी वेल्डिंग या दोन वाक्यांसाठी.

आणि शेगडीच्या आधी तेल. जळक्या ऑइलमध्ये पाणी असतं, हे सगळ्या मिस्त्र्यांना माहीत असतं, पण ते जाळायची वेळ आली की त्याचा अर्थ कळतो. पाणी तेलापेक्षा जड, ते बुडाशी बसतं. लालभडक लोखंडावर तेलासोबत पाण्याचा थेंब पडला की त्याची क्षणात वाफ होते, वाफेला पाण्याच्या सोळा-सतराशे पट जागा लागते, आणि ती जागा करताना ती पेटतं तेल उडवते. स्वयंपाकघरात कढईत ओला मिरचीचा देठ पडल्यावर काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको.

हे पाणी काढायचं काम मी मे महिन्यात करतो. लोक हसतात, पण थंडीची तयारी आमच्याकडे पंचेचाळीस अंशांतच चांगली होते. काळा ड्रम दिवसभर उन्हात ठेवला की ऑइल पातळ होतं, आणि पातळ झालं की त्यातलं पाणी आणि गाळ भराभर खाली बसतो. डिसेंबरात तेच ऑइल काकवीसारखं घट्ट असतं, त्यात पाणी अडकून राहतं. ड्रम आडवा न ठेवता किंचित तिरपा उभा करायचा. काढायचा कॉक बुडापासून चार-पाच बोटं वर बसवायचा, आणि सगळ्यात खाली वेगळा कॉक पाणी सोडायला. वरचं ऑइल जुन्या जीन्सच्या पायातून गाळायचं. पायाचं एक टोक शिवलं की त्याच्यासारखी गाळणी बाजारात मिळत नाही. जीन्समध्ये स्पीकरचं एक चुंबक टाकून ठेवलं तर लोखंडाचा बारीक बुरा त्याला चिकटतो, आणि कोणाच्या इंजिनात किती झीज आहे याचा अंदाजही येतो. तो धंद्याचा वेगळा फायदा.

पाणी गेलं की नाही, हे बघायची रीत जुनीच आहे. लोखंडी तवा चांगला तापवायचा, खाली उघडा जाळ ठेवायचा नाही, आणि दोन-तीन थेंब टाकायचे. ऑइल गुपचूप पसरून धुरायला लागलं तर ठीक. तडतडलं तर अजून उन्हात.

आणि काय घालायचं नाही, याची यादी घालायच्या यादीपेक्षा महत्त्वाची. रेडिएटरचं कूलंट नाही, ब्रेक ऑइल नाही, पेंटचं थिनर नाही, पार्ट धुतलेलं पेट्रोल तर मुळीच नाही. पोरांना सवय असते, जे काही काळं आणि ओलं असेल ते एकाच ड्रममध्ये ओतायची. मी कूलंटचा डबा लाल रंगवून दाराच्या दुसऱ्या बाजूला ठेवला तेव्हा ती सवय सुटली.

एकदा रात्रीचा एक जण आला. गाडीवर दोन कॅन.

"भाऊ, तेल आनलं तुह्या शेगडीले. पान्यासारखं साफ हाये."

"कोठचं?"

"डीपीचं."

डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. ते तेल कसं निघतं आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या ओलिताची लाइन बंद पडते, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. चोरीचा माल म्हणून तर नकोच होता. पण समजा कोणी सरळ मार्गाने आणून दिलं असतं, तरी मी ते जाळलं नसतं. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाची रसायनं असू शकतात, आणि ती अर्धवट जळली की डायॉक्सिन, फ्युरान यांसारखी विषं तयार होतात. त्याला कॅनसकट परत पाठवला. जाताना तो मला मूर्खात काढून गेला.

आता शेगडी. आमच्याकडे अशा कामाला लोक पहिल्यांदा गॅसचं जुनं सिलिंडर शोधतात. मी त्याला हात लावला नाही. सिलिंडर कंपनीच्या मालकीचं असतं हा एक भाग, आणि रिकाम्या सिलिंडरला कटर लावताना आत काय उरलंय ते कोणालाच दिसत नाही, हा दुसरा. त्याऐवजी ट्रकच्या हवाब्रेकची टाकी घेतली. तिच्यात हवेशिवाय काही भरलेलं नसतं, पत्रा जाड असतो आणि भंगारात किलोने मिळते. ती उभी केली, खाली पाय जोडले, पोटाशी एक दार कापलं.

आत बुडाशी बसवला ओम्नीच्या मागच्या चाकाचा ब्रेक ड्रम, उलटा नव्हे, वाटीसारखा. बिडाचा असतो, लाल होईपर्यंत तापला तरी वाकत नाही. बिडाला साधं वेल्डिंग धरत नाही, म्हणून बोल्टची भोकं बोल्टनेच बंद केली आणि सांध्यांना भट्टीची माती लावली. पत्र्याची वाटी केली असती तर एका हिवाळ्यात चाळणी झाली असती. त्या वाटीच्या वर उभी नळी, बोअरच्या केसिंगच्या उरलेल्या लोखंडी तुकड्यातून कापलेली, अंगभर ड्रिलने भोकं पाडलेली. वाटीत वाफ तयार होते, नळीतून वर चढते, भोकांतून तिला हवा मिळते आणि ती नळीच्या आतच पेटते. सगळी करामत या भोकांची. खाली बारीक आणि विरळ, वर जरा मोठी आणि दाट. खाली जास्त हवा मिळाली तर वाटी थंड पडते, वर कमी मिळाली तर धूर निघतो. ड्रिल हातात धरून, पेटवून बघत, विझवून थंड करून पुन्हा भोकं पाडत हे जमवावं लागलं. कुणाच्या मापाने दुसऱ्याची शेगडी चालेल असं मला वाटत नाही, कारण चिमणीची उंची प्रत्येकाची वेगळी.

चिमणी पाच इंची. शेगडीजवळची पहिली लांबी काळ्या लोखंडी पाइपची. तिथे जीआय लावायची नाही. जस्ताचा मुलामा जास्त तापला की त्याचा धूर अंगात भरतो, रात्री हुडहुडी भरून ताप येतो. जीआयवर वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप ठाऊक असतो. वर, टिनाच्या बाहेर, पाइप पुरेशी थंड होते तिथे जीआय चालते. जिथे पाइप पत्र्यातून जाते तिथे मोठं भोक कापून मध्ये मोकळी जागा सोडली आणि वर पत्र्याची टोपी. छपराच्या आढ्याच्या वर हातभर तरी टोक निघालं पाहिजे, नाहीतर वारा धूर परत ढकलतो.

तेलाची टाकी मात्र फुकट मिळाली. आमच्याकडे प्रत्येक जुन्या विहिरीवर एक तरी मेलेलं डिझेल इंजिन पडलेलं असतं. त्याची टाकी, तिचा कॉक, आतली जाळी, सगळं तयार. ती भिंतीवर, शेगडीपासून चांगली लांब टांगली. कॉकमधून निघालेलं तेल सरळ पाइपमध्ये जात नाही. मध्ये मोकळी जागा, खाली एक छोटं नरसाळं, आणि नरसाळ्यातून अर्धा इंची लोखंडी पाइप उतरत उतरत वाटीपर्यंत. या मोकळ्या जागेचे दोन फायदे. धार डोळ्यांना दिसते, आणि पाइपमधून उलटी आलेली आग टाकीपर्यंत पोचत नाही. टाकीजवळ एक कॉक आणि दाराजवळ दुसरा, म्हणजे शेगडीकडे न जाता तेल बंद करता आलं पाहिजे. बाजूला वाळूच्या दोन बादल्या आणि पावडरचं अग्निशामक. पाण्याची बादली मी शेडच्या त्या बाजूला ठेवूच देत नाही. घाबरलेला माणूस हाताला येईल ते फेकतो, आणि पेटत्या तेलावर पाणी म्हणजे आग चौपट.

पेटवायला पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं. कापूस उलंगला की शेतात पऱ्हाटीचे ढीग असतात, मोडायला सोपी आणि धडधड जळते. वाटीत पऱ्हाटीची मूठ, त्यावर डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी, काडी, दार लोटून घ्यायचं. चांगली दहा-पंधरा मिनिटं जाळायचं, चिमणी ओढायला लागली की आवाजावरून कळतं. वाटीचा तळ तापल्याशिवाय कॉकला हात लावायचा नाही. मग अगदी थेंब. पहिले थेंब धुरतात, मग एक निळसर जीभ फिरते आणि नळीतल्या भोकांतून एकेक ज्योत उभी राहते. घरघर सुरू होते. त्या रात्री माझ्या हाताखालचा पोट्टा म्हणाला, "हे तं ट्रॅक्टरच चालू झाला न भाऊ."

तासाला लिटर म्हणजे मिनिटाला जेमतेम सतरा मिली. वाटतं, थेंब मोजून सेट करू आणि आपल्या कामाला लागू. तसं होत नाही, आणि या सगळ्या प्रकारात मला सर्वांत महाग पडलेली गोष्ट हीच. रात्री दहाला ऑइल गार आणि घट्ट असतं, कॉक बराच उघडावा लागतो. शेड तापतं, टाकीतलं ऑइल तापतं, पातळ होतं, आणि त्याच कॉकमधून दुप्पट वाहायला लागतं. वाहिलं की आग वाढते, आग वाढली की शेड अजून तापतं. कोणी लक्ष दिलं नाही तर नळी लाल होते आणि पाइप गुरगुरायला लागते. पहाटे उलटं. थंडी वाढते, शटर उघडलं जातं, ऑइल घट्ट होतं, धार तुटते आणि शेगडी विझू लागते. टाकी लांब टांगल्याने हे कमी झालं, थांबलं नाही. सुईचा वॉल्व लावला, तर त्यात कचरा अडकतो. साधा कॉक आणि जागा असलेला माणूस, यापलीकडे मला उपाय सापडला नाही. म्हणून नियम असा झाला की शेगडी चालू असताना कोणीतरी एक जण शेडमध्ये हवाच. जेवायला जायचं तर कॉक बंद.

विझण्याचा धोका पेटण्यापेक्षा मोठा. ज्योत गेली आणि वाटी तापलेली आहे, तर तेल पडतच राहतं आणि त्याची पांढरी वाफ भरत जाते. लोकांना वाटतं काळा धूर वाईट. काळा धूर म्हणजे हवा कमी, तेल जास्त, कॉक थोडा बंद केला की जातो. पांढरा दाट धूर म्हणजे न जळालेलं इंधन शेगडीच्या पोटात आणि चिमणीत साठतंय. अशा वेळी दार उघडून काडी लावणाऱ्याच्या भुवया जातात, नशीब वाईट असेल तर डोळेही. तेल बंद करायचं, दार लावूनच ठेवायचं आणि शेगडी हाताला कोमट लागेपर्यंत वाट बघायची. कितीही थंडी असो, कितीही गिऱ्हाईक ओरडो.

चिमणीचा स्वभावही कळला. पहाटे बाहेर कडाक्याची थंडी असते तेव्हा ती जोरात ओढते. दुपारी ऊन चढलं की आतल्या-बाहेरच्या हवेतला फरक कमी होतो, ओढ मंदावते आणि धूर शेडमध्ये फिरतो. दुपारी तशी गरजही नसते.

पंखा लावून बघ, असं बरेच जण सांगायचे. लोहाराच्या भट्टीचा ब्लोअर वाटीत हवा मारायला लावला तर आग स्वच्छ होते, हे खरं. पण आमच्या रस्त्यावर लाइनचा भरवसा नाही. पंख्याच्या हवेवर बेतलेली धार पंखा थांबल्यावरही तशीच पडते, आणि अंधारात शेड धुराने भरतं. एका फॅब्रिकेशनवाल्याकडे बॅबिंग्टन पद्धतीचा बर्नर पाहिला. त्यात तेलाचा पातळ पापुद्रा एका गोल पृष्ठभागावरून वाहतो, आतून बारीक भोकातून दाबाची हवा येते आणि तेवढ्याच जागेतल्या तेलाचं धुकं करते. उरलेलं तेल खाली जाऊन परत फिरतं. तेल भोकातून जातच नाही, म्हणून भोक बुजत नाही. फार हुशार काम, ज्योतही डोळे दिपवणारी. पण त्याला कॉम्प्रेसर सतत चालू हवा आणि तेलाचा छोटा पंपही. माझ्या गॅरेजाला ते झेपणारं नव्हतं.

शेगडी चालायला लागली आणि गॅरेजाची चावडी झाली. रात्रपाळीचं ओलित करणारे लोक मोटर चालू करून येऊन बसायचे, पायातला चिखल वाळवायचे, कोणी खिशातून आणलेले हरभऱ्याचे घाटे शेगडीच्या टोपीवर भाजायचे. मी म्हणायचो, अरे त्यावर काय काय सांडलंय, खाऊ नका. ऐकतो कोण. त्यातूनच गावात बोभाटा झाला आणि आजीच्या कानावर गेलं.

"मले काऊन नाही करून देत तशी? घरात हिव वाजते मले."

आजीला नाही म्हणणं घरात कोणालाच जमत नाही, पण हे म्हटलं. आमच्या घरात जानेवारीपर्यंत कापूस असतो. भाव वाढेल या आशेने समोरची खोली आढ्यापर्यंत भरलेली, आणि आजीची खाट तिला लागूनच्या खोलीत. तिथे एक ठिणगी परवडत नाही. दुसरं म्हणजे आजी थंडीत खिडक्यांना चिंध्या कोंबते. कोंडलेल्या खोलीत काहीही जळलं तरी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. साध्या कोळशाच्या शेगडीनेही हे होतं. आणि गॅरेजात आम्ही जागे असतो, घरात सगळे झोपलेले असतात. धारेवर नजर कोण ठेवणार? आजीला गरम पाण्याची रबरी पिशवी आणून दिली. ती अजून नाराज आहे. पिशवी मात्र रोज मागते.

खरी अडचण वेगळ्याच बाजूने आली. दर आठवड्याला वाटीतून राख काढावी लागायची. करडी-पांढरट, कडक खपली. लाकडाची राख कशी भांड्याला, झाडाला चालते, तशीच ही चालेल असं समजून पोट्ट्याने ती एकदा संत्र्याच्या झाडाखाली टाकायला नेली. मी थांबवलं. ऑइलमध्ये झीज कमी करायला जस्त आणि फॉस्फरसची रसायनं असतात, कॅल्शियम असतं, इंजिनातून झिजलेलं लोखंड, तांबं, बेअरिंगमधलं शिसं असतं. यातलं काहीच जळून नाहीसं होत नाही. काही वाटीत खपली होऊन बसतं आणि काही चिमणीतून जातं. चिमणीच्या टोकापासून वाऱ्याच्या दिशेने पुढे कोणाचा बगीचा आहे, हे मला चांगलं माहीत होतं. माझ्याच चुलत्याचा.

ओळखीतल्या एका आयटीआयच्या सरांना विचारलं. त्यांनी मोबाइलवर नियमच काढून दिले. घातक व इतर कचऱ्याबाबतचे २०१६चे केंद्राचे नियम. त्यात वापरलेलं ऑइल घातक कचऱ्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे. ते साधारणपणे ९० दिवसांच्या वर साठवायचं नाही आणि परवानाधारकाकडेच द्यायचं. शेडमधल्या शेगडीला त्यात जागा नाही. अमेरिकेत आहे. तिथे गॅरेजवाला स्वतःकडे निघालेलं, किंवा लोकांनी घरी बदलून आणून दिलेलं ऑइल हीटरमध्ये जाळू शकतो. हीटर तासाला ५ लाख बीटीयूच्या (बीटीयू हे उष्णतेचं तिकडचं माप) वर नसावा आणि धूर इमारतीच्या बाहेर सोडलेला असावा. ५ लाख बीटीयू म्हणजे तासाला चौदा-एक लिटर! माझ्या शेगडीच्या चौदा पट. वाचून आधी रागच आला. मग वाटलं, तिथल्या गॅरेजाच्या धुराड्यासमोर संत्र्याची झाडं आणि झोपायला खाटा नसतील. ही माझी समजूत आहे, तिला आधार काही नाही.

पण नियमाप्रमाणे द्यायचं तर न्यायला कोण येतं? दोन ड्रमसाठी परवान्याची गाडी शहरातून आमच्या गावापर्यंत येत नाही. येतो तो भंगारवाला. मापात मारतो, भावात पाडतो, पावतीचं नाव काढलं की हसतो. त्याच्याकडून ते कुठल्या भट्टीत जातं, की गाळून, रंग मारून, नव्या डब्यात भरून परत माझ्याच गिऱ्हाइकाच्या इंजिनात येतं, सांगता येत नाही. नकली ऑइलने चिकटलेले पिस्टन मी स्वतः काढलेत. माझ्या शेगडीचा धूर निदान मला दिसत होता, त्याच्या धंद्याचा तोही दिसत नाही. म्हणून नियम वाचल्यावर मी लगेच शहाणा झालो असं नाही. अजून काही काळ शेगडी चालूच होती.

१ एप्रिल २०२४पासून नवी तरतूद लागू झाली. ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर, विकलेल्यातला ठराविक वाटा पुनर्प्रक्रियेला गेलाच पाहिजे अशी जबाबदारी आली. पहिल्या वर्षी ५ टक्के, पुढे वाढत जाणारा. ऑइल गोळा करणाऱ्यांचीही नोंदणी सुरू झाली. आमच्यासाठी याचा अर्थ एवढाच, की शहरातल्या एका नोंदणीवाल्याने फोन उचलला. तो म्हणाला, दोन ड्रमला येत नाही, पण एका रस्त्यावर दहा-बारा ड्रम मिळाले तर येतो. मग रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यांना गाठलं. एकाला वाटलं मी दलाली खातो. दुसऱ्याला सेंट्रिंगवाल्याची उधारी वसूल करायची होती, म्हणून त्याने ऑइल राखून ठेवलं. बाकीचे तयार झाले. आता ड्रम जमले की गाडी येते, नळी टाकून उपसते आणि छापील पावती देते. भाव भंगारवाल्यापेक्षा फार बरा नाही. माप मात्र खरं आहे.

शेगडी मोडली नाही. वाटी आणि भोकाची नळी काढून आत जाळी बसवली, कॉक आणि टाकी काढून ठेवली. आता तिच्यात तुरीचे खुंट आणि संत्र्याचं लाकूड जळतं. आमच्या तालुक्यात पाणी खोल गेल्यापासून वाळलेल्या बगिच्यांचं लाकूड कमी नाही. संत्र्याचं लाकूड जड, भरपूर ताव देतं. तेलासारखी रात्रभर एकसारखी ऊब नाही, तासातासाला घालावं लागतं. पण ज्योत गेली तर नुसता विस्तव उरतो, पांढरी वाफ नाही, आणि घाटे भाजणाऱ्यांवर मला ओरडावं लागत नाही. चिमणी आणि शेगडीचं पोट तेच असल्याने धूर शेडमध्ये येत नाही, जी माझी मूळ अडचण होती.

उरलाय तो ड्रमच्या बुडाचा गाळ. पाणी, काजळी, लोखंडाचा बुरा आणि चिकट ऑइल यांचा लगदा. गाडीवाला तो घेत नाही, म्हणतो आमची नळी चोंदते. भंगारवाला घेत नाही. नालीत सोडायचा प्रश्नच नाही, खाली नाल्याला गुरं पाणी पितात. झाकणाच्या डब्यांत भरून, वर रंगाने लिहून, कूलंटच्या लाल डब्याशेजारी ठेवलाय. जुन्या राखेच्या खपल्याही तिथेच आहेत. गाडीवाल्याच्या मालकाशी बोलणं झालं, तर म्हणाला, डबे सीलबंद असतील तर पुढच्या खेपेला बघू. खेप संक्रांतीनंतर आहे.